दहावी मोटार

१

खोडरबरवाली आजी मेली ती भर सकाळी, शाळा भरलेली असताना. आणि शाळा सुटेपर्यंत त्याचा कुणाला पत्ता नव्हता.

शाळेच्या मागे एक अरुंद, एकेरी गल्ली होती. एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला कारखान्याची, दार नसलेली. मधोमध शाळेचं मागचं फाटक, बहुतेक वेळा कुलपात असलेलं. त्या फाटकाशेजारी गोणपाट अंथरून आजी पेन्सिली, खोडरबर, टोकयंत्रं विकायला बसायची. पोरं फाटकाच्या गजांतून हात घालून खोडरबर घेत. उधारीवर सुद्धा देई बिचारी. त्या दिवशी शाळा सुटल्यावर एक मूल नेहमीसारखं फाटकाशी गेलं, तर गोणपाटावर माल पसरलेला आणि आजी नाही. गटारासाठी आणून टाकलेल्या सिमेंटच्या नळांच्या आड ती सापडली. बरगड्या मोडलेल्या, एक चप्पल पायात, एक भलतीकडेच.

संध्याकाळच्या आत पोलिसांनी माणूस धरला. कारखान्यात माल पोचवणारा ट्रकवाला. त्याच्या ट्रकचा पुढचा पत्रा चेपलेला होता, आणि तो भोळा गडी आपणहून म्हणाला, “गल्लीत धक्का बसला होता साहेब. खड्डा असेल म्हणून पुढं गेलो.” एवढं वाक्य पुरलं. त्याला आत टाकलं.

या ट्रकवाल्याची मुलगी याच शाळेत तिसरीत होती. अंगानं एवढीशी, पण जिभेला धार, म्हणून सगळे तिला मिरी म्हणत.

तिसरीच्या बाईंना हे कळलं तेव्हा त्यांना आधी मिरी आठवली. मग आणखी एक गोष्ट आठवली. आजीला ज्या वेळी धडक बसली, नेमक्या त्याच वेळी त्यांचा अख्खा वर्ग खिडक्यांना चिकटून ती गल्ली मोजत होता.

२

धडा होता ताळ्याच्या खुणांचा. एक वस्तू दिसली की एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी त्यांच्यावरून आडवी. बाई लहानपणी हे मोळीसारखं शिकल्या होत्या, चार काटक्या आणि पाचवी दोरी. तेव्हा त्यांना शिकवणाऱ्या बाई आता याच शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. मोठ्या बाई तर दोरीच्या टोकाला छोटंसं वळण सुद्धा काढायला लावत. “गाठ मारा, नाहीतर मोळी सुटेल!” असं म्हणून वर्गाला हसवत. बाईंनी आपल्या वर्गात ती गाठ काढून टाकली होती. गाठीच्या नादात पोरं मोटारी सोडून देतील, एवढाच हिशेब.

त्यांनी आपली एक युक्ती मात्र घातली होती. मोजायला त्यांनी नव्या जोड्या लावल्या होत्या. एकानं निळ्या खडूनं काटक्या ओढायच्या, आणि पाचवी आली की दुसऱ्यानं लाल खडूनं दोरी बांधायची. म्हणजे कुणी डुलक्या काढणार नाही.

वरच्या मजल्याच्या एका टोकाची खिडकी गल्लीच्या तोंडावर उघडायची, दुसऱ्या टोकाची गल्ली संपते तिथं. पोरं पहिलीला वरची खिडकी म्हणत आणि दुसरीला खालची. मधला भाग सायकलींच्या पत्र्याच्या छपरामुळं दिसत नसे. एका टोकाला आत शिरणाऱ्या गाड्या मोजायच्या, दुसऱ्या टोकाला बाहेर पडणाऱ्या. सुरुवात गल्ली रिकामी असताना, शेवटही गल्ली रिकामी झाल्यावर. मग दोन्ही तक्ते जुळायलाच हवेत. बाईंनी पोरांना बजावलं होतं, “गाडी कुणाची, कशी, ते बघत बसू नका. फक्त किती ते मोजा.”

तक्ते जिन्याजवळच्या भिंतीवर लावले. बेरीज दुसऱ्या दिवशी करायची होती, पण दुसऱ्या दिवशी आजीमुळं शाळेला सुट्टी मिळाली.

शाळा पुन्हा भरली तेव्हा मिरीच्या बाकावर मिरी एकटीच होती. तिच्याशेजारी बसणाऱ्या मुलीचं दप्तर शेवटच्या रांगेत गेलं होतं. बाईंनी पोरांचं मन दुसरीकडं वळवायचं म्हणून तक्ते काढून फळ्यावर टांगले आणि बेरीज करायला घेतली. सायकली जुळल्या. ट्रक जुळले. मोटारी आत दहा, बाहेर दहा.

“शाब्बास!” बाई म्हणाल्या.

“आमच्या नऊ होत्या,” मिरी म्हणाली. ती खालच्या खिडकीवर होती.

“हा बघ ना तक्ता. दहा आहेत.”

“नऊच होत्या. एक मोळी झाली, मग माझ्या चार काटक्या झाल्या आणि गल्ली रिकामी झाली. दुसरी दोरी बांधायची राहिली म्हणून हा रुसला होता.” तिनं आपल्या जोडीदाराकडं बोट दाखवलं. त्यानं नजर चुकवली.

मागून कुणीतरी म्हणालं, “हिचा बाप पण खोटं बोलतो.” वर्ग हसला.

आणि बाई, ज्यांना त्या हसण्याचा राग यायला हवा होता, त्या वैतागून मिरीलाच म्हणाल्या, “बस खाली. उगाच वाद घालू नकोस.”

मिरी बसली. दिवसभर बोलली नाही.

३

शाळा सुटल्यावर तक्ते गुंडाळताना बाईंचा हात थबकला. खालच्या खिडकीच्या तक्त्यावर मोटारींच्या दोन मोळ्या होत्या. पहिलीची दोरी लाल. दुसरीची निळी.

पोरगी खरं बोलत होती. नऊ मोटारी बाहेर पडल्या होत्या आणि नंतर कुणीतरी दहावी रेघ ओढली होती.

का? तिसरीतल्या पोरांच्या तक्त्यात एका रेघेसाठी कोण कशाला मरायला येईल?

मग त्यांनी डोळे मिटून गल्ली डोळ्यांपुढं आणली. दहा मोटारी आत गेल्या, नऊ बाहेर आल्या. अंग वळवायला जागा नाही अशी गल्ली. कुठलीही गाडी उलटी मागं आली असती तर वरच्या खिडकीतल्या पोरांनी आरडाओरडा केला असता. मग दहावी मोटार गेली कुठं? तिला जायला एकच जागा होती. शाळेचं मागचं फाटक.

आणि आजी त्याच फाटकाशेजारी बसत होती.

ट्रक चारही आत गेले होते आणि चारही बाहेर आले होते. पण एक मोटार आजीजवळून शाळेत शिरली होती, आणि तिचा मालक मुकाट बसला होता.

फाटकाच्या किल्ल्या दोघांकडंच असत, संस्थेचे सचिव आणि मोठ्या बाई. त्या दिवशी मुलांचे दात तपासायला दातांचे डॉक्टरही आले होते. पाहुणा म्हणून त्यांच्यासाठी कुणी फाटक उघडलं असणं अशक्य नव्हतं. तिघांकडंही मोटारी होत्या.

४

फौजदारांनी तक्ता उलटसुलट करून पाहिला. “बाई, या रेघोट्या घेऊन मी कोर्टात जाऊ? ट्रकवाला कबूल होतोय आजउद्या.”

“कबूल होतोय म्हणजे?”

“म्हणजे होईल,” फौजदार म्हणाले आणि चहा मागवला. बाईंसाठी नाही.

सचिव शाळेच्या पुढच्या अंगणातच भेटले. हायस्कूलच्या मान्यतेसाठी समिती येणार होती आणि त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. बाईंनी मुद्दाम तक्ता उघडाच हातात धरला होता.

“हे काय, झाडू काढायला शिकवता की काय पोरांना?” सचिव म्हणाले.

“ताळ्याच्या खुणा आहेत. यात आणखी एक मोटार वाढवायची झाली तर कशी वाढवाल?”

सचिवांना गंमत वाटली. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि मोळीच्या शेजारी हवेत एक उभी रेघ ओढून दाखवली. “अशी. दुसरी कशी?”

“शेजारी चार उभ्या असल्या तर?”

“तर पाचवी उभी. बाई, समिती यायची आहे. कोडी नंतर घाला.” आणि जाता जाता त्यांनी आवाज खाली आणला. “त्या म्हातारीचा विषय वर्गात काढू नका. माणूस सापडलाय. मिटलं.”

त्यांची मोटार अंगणात उभी होती. आठवडाभराची धूळ अंगावर, पुढचे दोन्ही दिवे धडधाकट. माणूस कोडगा होता, पण दोरी बांधणं त्याला येत नव्हतं.

दातांचे डॉक्टर दवाखान्यात एकटेच होते. बाईंनी विषय काढताच त्यांचा चेहरा उतरला.

“माझी गाडी पुढच्या अंगणात होती. मुलांच्या व्हॅननं अशी अडवून ठेवली की तपासणी संपली तरी मला निघता येईना. व्हॅनवाल्याला विचारा.” मग त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. “तुम्हाला एक सांगू? ज्यांनी प्रेत तपासलं ते माझे मित्र आहेत. ती लगेच गेली नव्हती. बराच वेळ जिवंत होती. मी वर होतो, बाई. पोरांचे दात मोजत होतो. कुणी नुसती हाक मारली असती तरी मी धावलो असतो.”

टेबलावर त्यांचं कार्ड पडलं होतं. किडलेल्या दातांच्या नोंदी. प्रत्येक पाच दातांना त्यांनी एक चौकोन काढला होता. चार बाजू म्हणजे चार, आणि पाचव्याला कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ.

“असं का?” बाईंनी विचारलं.

“आमच्या शाळेत असंच शिकवायचे. का, चूक आहे?”

“नाही. बरोबर आहे.” बाई उठल्या. दारात वळून त्यांनी विचारलं, “त्या दिवशी तपासणीचं उद्घाटन वेळेवर झालं होतं?”

“कसलं वेळेवर! मोठ्या बाई उशिरा आल्या. घामाघूम. भाषणाचा कागद हातात होता, पण मलाच वाचायला सांगितला. चष्मा विसरले म्हणाल्या.” डॉक्टर हसले. “चष्मा नाकावरच होता. वयाबरोबर व्हायचंच.”

५

बाई घरी आल्या, तक्ता पलंगावर पसरला, आणि आता त्या निळ्या दोरीकडं त्यांनी नीट पाहिलं. टोकाशी रंग जरा जाड झाला होता. खडू घसरला असेल असं त्यांना आधी वाटलं होतं. तो घसरला नव्हता. दोरीच्या टोकाला एक छोटंसं, सवयीनं पडलेलं वळण होतं.

गाठ.

त्यांच्या वर्गात गाठ कुणी मारत नव्हतं. आणि पहिल्या मोळीची लाल दोरी शेजारीच असताना दुसरी निळी बांधणारा माणूस एक तर मूर्ख असणार, नाहीतर त्याला लाल आणि निळं वेगळं दिसत नसणार. मोठ्या बाई मूर्ख नव्हत्या. त्यांची मोटार त्या दिवसापासून शाळेत आली नव्हती. “दुरुस्तीला टाकलीय,” असं त्या शिक्षकांच्या खोलीत कुणी न विचारताच बोलल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत गेल्या आणि गप्प बसल्या. मोठ्या बाईंनीच त्यांना पाटीवर हात धरून आकडे गिरवायला लावले होते. वडील गेले तेव्हा फी माफ केली होती. नोकरी दिली होती. आपण चुकत असू, असं बाई स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. मधल्या सुट्टीत मिरी एकटी पायरीवर बसून डबा न उघडता परत आली. बाईंनी ते पाहिलं आणि तरी त्या गप्पच राहिल्या.

त्या दिवशी ट्रकवाल्यानं कबुलीजबाबावर सही केली.

६

बातमी कळली तशा बाई तक्ता घेऊन थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. दार लावून घेतलं. तक्ता टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या मोळीवर बोट टेकवलं.

“दोरी लाल असते मोठ्या बाई. आमच्या वर्गात दोरी लाल असते.”

मोठ्या बाई वाकून बघत राहिल्या. कागद जवळ घेतला, दूर धरला, पुन्हा जवळ घेतला.

“लाल आहे होय पहिली?” त्या हळूच म्हणाल्या. “जिन्यात उजेड नव्हता. मला दोन्ही काळ्याच दिसल्या.”

“आणि गाठ मारलीत.”

“हात जातो गं. तीस वर्षं मारतेय.” त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्याविना त्यांचे डोळे दुधाळ, म्हातारे दिसत होते. “तुझे तक्ते भिंतीवर बघितले तेव्हाच समजलं. उद्या ही बेरीज घेणार, फरक निघणार, आणि ही फरक सोडणार नाही. माझीच विद्यार्थिनी.”

“तुम्हाला दिसत नाही, तर गाडी कशाला चालवता?”

“दिसत नाही हे कळलं तर समिती मला खुर्चीवर ठेवेल? पुढं व्हॅन अडकली होती, म्हणून मागून आले. ती वाकून काहीतरी वेचत असणार. मला खरंच दिसली नाही. नुसता आवाज झाला.”

“मग उतरलात?”

“उतरले. ती नळांच्या आड फेकली गेली होती.”

“जिवंत होती?”

मोठ्या बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“तिनं डोळे उघडले. मला ओळखलं. ‘बाई’ म्हणाली.”

बाहेर कुठल्यातरी वर्गात पाढे चालू होते. तिसरीच्या बाईंना ते ऐकवेना.

“वर डॉक्टर होते,” त्या म्हणाल्या.

“वर सगळेच होते. पालक, सचिव, सगळे. मी जिन्यापर्यंत गेले होते गं त्यांना सांगायला. म्हटलं, पाच मिनिटं, उद्घाटन होऊ दे, मग सांगते. मग भाषण झालं. मग वाटलं, आता सांगितलं तर विचारतील, इतका वेळ काय करत होतात? जसजसा वेळ जाऊ लागला तसतसं सांगणं अवघड होत गेलं.”

“आणि मिरीचा बाप?”

“त्याचा वकील सोडवेल त्याला. अपघाताला फाशी देत नाहीत.” त्यांनी हात पुढं करून बाईंचं मनगट धरलं. “समिती येऊन जाऊ दे. एवढंच मागते. मग मी स्वतः चौकीत जाते. तुझ्यासाठी मी काय केलं नाही? एवढं नाही करणार?”

बाईंनी मनगट सोडवून घेतलं. त्यांना रडू येत होतं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

“तुम्ही सहीच्या आधी मागितलं असतंत, तर कदाचित केलंही असतं,” त्या म्हणाल्या. “तेच तर वाईट आहे.”

७

बाईंनी चौकीत जाऊन सगळं सांगितल्यावर मोठ्या बाईंची मोटार त्यांच्या भावाच्या गोठ्यात गवताखाली सापडली. एक दिवा फुटलेला, आणि चेपलेल्या पत्र्याच्या घडीत अडकलेली खोडरबराची चकती. फौजदारांनी वर्तमानपत्रात फोटो छापून आणला, स्वतःचा.

समिती आलीच नाही. हायस्कूलची मान्यता बारगळली. पालकांनी फाटकाशी घोळका करून बाईंना अडवलं. “आमच्या पोरांनी आता पुढं कुठं जायचं? गेलेली म्हातारी परत येणार होती का?” शिक्षकांच्या खोलीत बाई आल्या की बोलणी थांबत. सचिवांनी त्यांना एक पत्र दिलं. आधी न विचारता संस्थेची बाब बाहेर नेल्याबद्दल खुलासा करावा.

ट्रकवाला सुटला आणि चौथ्या दिवशी मिरीचा दाखला काढायला आला. उजव्या हाताची बोटं सुजून काळीनिळी झाली होती. सही करताना त्याला पेन नीट धरता येईना, म्हणून त्यानं ते मुठीत धरलं.

“इथंच राहू दे तिला,” बाई म्हणाल्या. “मी आहे. आता कुणी काही बोलणार नाही.”

“आधी बोलले ना.” तो शांतपणे म्हणाला. “तुमचे उपकार आहेत बाई, मी नाही म्हणत नाही. फौजदार सांगत होते, तुम्हाला आदल्या दिवशीच कळलं होतं म्हणून.”

बाई टेबलावरचा दाखला सरळ करत राहिल्या.

“तोवर मी सही केली नव्हती,” तो म्हणाला. “बोटं दुसऱ्या दिवशी गेली.”

त्यानं दाखल्याची घडी करून डाव्या हातानं खिशात घातली. मिरी दप्तर घेऊन दारात उभी होती. बाई तिच्यापुढं गुडघ्यावर बसल्या.

“त्या दिवशी तू बरोबर होतीस, मिरी. नऊच होत्या. मी तुला गप्प बसवलं, ते चुकलं माझं.”

मिरीनं मान हलवली, जशी मोठी माणसं लहानांचं ऐकून घेताना हलवतात.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “मी मोजलं होतं ना.”

ती बापाच्या डाव्या बाजूला गेली, त्याचा चांगला हात धरला, आणि दोघं पुढच्या फाटकातून निघून गेली.